अर्धा घोडा टेंभुर्णीत

आधीच कबूल करतो, चूक माझी. पण हसणाऱ्यांनी हसायच्या आधी आपापल्या घरातल्या भिंतीवरची फ्रेम उलटी करून बघावी, मागं माझ्या दुकानाचा शिक्का निघंल. भोकरदनच्या बसस्टँडसमोर तीस वर्षांपासून माझं फ्रेमचं दुकान आहे. मी अप्पाराव. गेलेल्या माणसाला भिंतीवर चढवायचं काम ह्या तालुक्यात माझ्याशिवाय कुणाला बराबर जमत न्हाई, हे मी न्हाई म्हणत, लोक म्हणतात. आमच्यात तेरवी घालत न्हाईत, पण तेरवीच्या फ्रेमा सगळ्यांच्या मीच करतो.

काम काय असतं ऐका. म्हातारा जातो. जिता असताना त्याचा एकट्याचा फोटो कुणी काढलेला नसतो. मंग तेरवीच्या चार दिवस आधी पोरगा कुणाच्या तरी लग्नातला फोटो घेऊन येतो. पंधरा माणसं, मधी म्हातारा. पोरगा म्हाताऱ्याभोवती पेनानं रेघ मारून देतो. मी फोटो मोठा करून आणतो, ब्लेड घेतो, रेघेवरून कापतो, निळ्या कागदावर चिकटवतो. काच, फ्रेम, खिळा, खलास. नवी पोरं हेच काम काम्प्युटरवर करतात, त्यात माणसाचे कान जातात. माझ्या हातून आजवर एकाचाही कान गेलेला न्हाई.

धंद्यात माझे नियम दोनच. रेघ दिसली की कापायचं. रेघेच्या आत माणूस, बाहेर गर्दी. आणि कापून उरलेली माणसं कचऱ्यात टाकायची न्हाई, कारण ती जिती असतात. जित्या माणसाला केरात टाकलेलं बरं दिसत न्हाई. ती मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. माझी बायको बेबीनंदा म्हणते, "निम्मा तालुका हाय त्या डब्यात. एक दिवस मतदान घ्या."

तर माझी एकुलती एक पोरगी प्रीती संभाजीनगरला चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. सात महिन्यांपासून एकच चित्र काढून राह्यली होती. मी फोनवर विचारायचो, "झालं का?" ती म्हणायची, "पप्पा, घोड्याची शेपटी चालू आहे." जुन्या काळी इराणात राजांच्या पुस्तकांत बारीक चित्रं काढायचे, म्हणे, तसलं चित्र. चार केसांचा ब्रश. मी म्हटलं, बाई गं, सात महिन्यांत मी तीनशे माणसं भिंतीवर चढवली. तिला काही हसू आलं न्हाई.

त्या रविवारी सकाळी ती चित्र घेऊन आली. गुरुवारी जमा करायचं होतं, बाहेरून परीक्षक येणार होते, आणि ह्याच एका चित्रावर तिचं वर्ष अवलंबून होतं. पान माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "पप्पा, फ्रेम तुमच्याच हातची पाहिजे. नुसती काच आणि साधी लाकडी पट्टी. बाकी काही करू नका." एवढं बोलून मायलेकी सिल्लोडला मावशीकडं गेल्या.

"बाकी काही करू नका" असं घरच्या माणसानं सांगितलं की माझं डोकं सटकतं. तीस वर्षं काय गवत उपटलं काय मी?

मी पान उघडलं. चित्र होतं झकास, खोटं कशाला बोलू. बागेत राजा बसलेला, पुढं फळांची ताटं, एक जण वाजवून राह्यला, दुसरा सुरई घेऊन उभा. चित्राच्या चारी बाजूंनी बारीक काळी रेघ, पट्टी लावून मारलेली. आणि रेघेच्या बाहेर वीतभर मोकळं पान सोडलेलं. मोकळं म्हणजे त्यात सोनेरी हरणं, ससे, वेली, खाली डाव्या कोपऱ्यात कुणीतरी इवलासा माणूस उकिडवा बसलेला. फुकटचा सगळा पसारा.

पण खरी गोम पुढं होती. पोरीचं चित्र रेघेच्या बाहेर गेल्तं! झाडाचा शेंडा वरची रेघ फोडून पार पानाच्या काठापर्यंत. उजवीकडून एक घोडा येऊन राह्यलेला, तर त्याचं तोंड आणि पुढचे पाय रेघेच्या आत, मागचं सगळं धूड बाहेर. पहिलीतलं पोरगं रेघेबाहेर रंगवतं तर मास्तर छडी मारतो, आणि ही शेवटच्या वर्षाला! परीक्षक काय म्हणंल? सात महिन्यांत दमली असंल बिचारी, जागा पुरली नसंल, भीतीपायी कुणाला बोलली नसंल. बाप कशाला असतो मंग?

मी ब्लेड घेतलं, स्टीलची पट्टी ठेवली आणि चारी बाजूंनी काळ्या रेघेवरून असं साफ कापलं की काठ बघून कुणाचंही मन खुश व्हावं. घोडा आत बराबर अर्धा राह्यला, जसा काही दारातून डोकावून राह्यलाय. काच बसवली, पट्टी ठोकली. पोरीची चूक झाकली म्हणून मला इतकं बरं वाटलं की मी एक कप जास्तीचा चहा मागवला.

उरलं काय, तर मधी मोकळी खिडकी असलेलं सोनेरी पान. दहा बाय बाराची खिडकी. आणि माझ्या टेबलावर दहा बाय बाराचेच रामप्रसाद मामा पडलेले होते.

रामप्रसाद मामा टेंभुर्णीचे. मोठे शेतकरी, तोंडानं फटकळ, अख्ख्या गावाशी बांधावरून भांडलेले. त्यांचा पोरगा सोमेश्वर नात्यातल्या लग्नातला फोटो देऊन गेल्ता. मी मामांना कापून निळ्यावर बसवलं होतं, पण मामा असे काही रागानं बघून राह्यले होते, की मला टेबलावरून त्यांचं तोंड फिरवून ठेवावं लागलं. भुवया चढलेल्या, ओठ आवळलेले. मी सहज ती सोनेरी खिडकी त्यांच्यावर ठेवून बघितली. अहो, मामा बदलले! चहूकडं हरणं, ससे, वेली, आणि मधी मामा. राग जाऊन असं वाटायला लागलं की मामा हरणाकडं रोखून बघून राह्यलेत. डाव्या कानामागून घोड्याचं मागचं धूड निघत होतं आणि टोपीवर झाडाचा शेंडा उगवला होता, पण एवढं तेवढं चालतं. तेवढ्यात सोमेश्वर आला. फ्रेम बघून म्हणाला, "काका, हे निराळंच दिसून राह्यलं, पण भारी दिसून राह्यलं." घेऊन गेला.

संध्याकाळी मायलेकी आल्या. मी फ्रेम पुढं केली आणि शाबासकीची वाट बघत उभा राह्यलो. प्रीतीनं काचेवरून उजव्या काठापर्यंत बोट फिरवलं. मंग हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, घोड्याचं मागचं कुठंय?"

"ते बाहेर गेल्तं. मी साफ केलं."

"साफ?"

"कुणाला कळणार न्हाई आता. बिनधास्त जमा कर."

पोरगी मटकन स्टुलावर बसली. रडली असती तर मी समजावलं असतं, ओरडली असती तर मीपण ओरडलो असतो. ती मास्तरणीसारखी समजावून सांगायला लागली, तेच वाईट. म्हणाली, "पप्पा, ते चित्र रेघेत मावत न्हाई, हेच तर चित्र आहे. राजा रेघेच्या आत बसलाय, त्याला वाटतं जग एवढंच. घोडा बाहेरून येऊन राह्यलाय, म्हणजे बाहेर कुणीतरी आहे, काहीतरी खबर येणार आहे. आता बाहेरचं गेलं. आता नुसती तीन माणसं जेवण करून राह्यलीत."

मी म्हटलं, "जेवण पण चांगलं काढलंय तू."

बेबीनंदानं माझ्याकडं असं बघितलं की मी काच पुसायला लागलो.

"आणि कोपऱ्यातला माणूस?" प्रीतीनं विचारलं. "तो बघितला का तुम्ही?"

"होता कुणीतरी. माळी-बिळी."

मायलेकींनी एकमेकींकडं बघितलं. बेबीनंदा म्हणाली, "जाऊ दे गं. ह्यांना काय दिसतंय." प्रीतीनं डोळे पुसले आणि एकच विचारलं, "बाहेरचं पान कुठं आहे?"

"टेंभुर्णीला," मी म्हटलं. "उद्या तेरवी आहे त्याची."

सकाळी मी आणि प्रीती मोटारसायकलवर निघालो. एरवी ती माझ्या खांद्याला धरून बसते, त्या दिवशी मागच्या कडीला धरून बसली. अख्ख्या रस्त्यानं मला माझा खांदा रिकामा लागून राह्यला होता. कधी न्हवे ते मी पोरीला घाबरलो होतो. वर्ष गेलं तर फी भरता येईल, पण ही पुन्हा कधी "फ्रेम तुमच्याच हातची पाहिजे" म्हणाली न्हाई तर?

टेंभुर्णीत मांडव भरलेला. बुंदीचा वास सुटलेला. मांडवाच्या टोकाला खुर्चीवर मामांची फ्रेम, हार घातलेली, आणि पुढं बायकांची ही गर्दी. तेरवीत फ्रेमला एवढी गर्दी मी बापजन्मात बघितली न्हवती. प्रत्येक जण बघून काहीतरी ठरवून राह्यला होता. एक म्हातारा सांगत होता, "घोडा पाठवलाय देवानं न्यायला, अर्धा आलाय, अर्धा यायचाय." कुणी म्हणे टोपीवर तुरा उगवलाय, माणूस पुण्यवान. आणि दोन बायका डाव्या कोपऱ्यातल्या इवल्या माणसाला हळदीकुंकू वाहून राह्यल्या होत्या.

"हा कोण?" मी एकीला विचारलं.

"चित्रगुप्त," ती म्हणाली. "कानावर पेन्सिल न्हाई का दिसत? लिहून राह्यलाय सगळं, मामा कुणाकुणाला काय बोलले ते."

मागून प्रीतीचा हुंदक्यासारखा आवाज आला. वळून बघतो तर ती तोंडावर ओढणी धरून हसून राह्यली होती. कालपासून पहिल्यांदा हसली.

मी सोमेश्वरला बाजूला घेतलं. "फ्रेममध्ये फॉल्ट आहे. परत न्यावी लागंल. उद्या दुसरी आणून देतो."

सोमेश्वर काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "कोण नेतंय? हात लावून तर बघा म्हणावं!"

पुष्पाबाई. मामांची बायको. पासष्टीची बाई, बारीक अंगाची, पण आवाज असा की मांडवाची कनात हलावी. मी हात जोडले. "मावशी, चूक झाली. हे सोनेरी पान माझ्या पोरीचं आहे. परीक्षेचं. चुकून तुमच्याकडं आलं."

"आलं तर ऱ्हाऊ द्या. चाळीस वर्सं ह्या मानसानं मला कधी बाग दाखवली न्हाई. परत न्हेऊन काय करनार? त्या निळ्यावर चिकटवनार?"

"होय."

"तसला रागीट? मी रोज सकाळी उठून त्यो राग बघू व्हय? हितं बरा हाय. हरनाकडं बघून राह्यलाय, ऱ्हाऊ द्या त्याला." पुष्पाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पदरानं रागारागानं पुसलं. "रागीट न्हवते वं ते त्या फोटोत."

प्रीती पुढं झाली, पुष्पाबाईंजवळ खाली बसली आणि म्हणाली, "आजी, मंग काय होते?"

"लाजले व्हते," पुष्पाबाई म्हणाल्या.

कुणीतरी खुदकन हसलं.

"हसू नका. फोटोवाला म्हनला, आजी, आजोबांच्या खांद्यावर हात ठिवा. मी म्हनलं, न्हाई बाबा. त्यो ऐकंना. ठिवला मी हात. चाळीस वर्सांत चारचौघांत तेवढाच एकडाव. तर ह्यांचं तोंड हे असं झालं." त्यांनी फ्रेमकडं बोट केलं. "आता फोटोत हातच न्हाई म्हनल्यावर लोकाला राग दिसतोय. त्यात लोकाचा काय दोष?"

मला आठवलं. हात होता. खांद्यावर चार बोटं होती, हिरव्या बांगड्यांचा हात. मनगटावर मी कापलं होतं, आणि खांद्यावर उरलेली बोटं पांढऱ्या रंगानं बुजवून टाकली होती. असे किती हात मी बुजवले असतील, तीस वर्षांत! हात राह्यला तर गिऱ्हाइक म्हणतं, हे काय भूत.

"मावशी," मी म्हटलं, "तो हात माझ्याकडं आहे."

"म्हंजे?"

"तुम्ही माझ्या डब्यात आहात. बिस्किटाच्या. पूर्णच्या पूर्ण. बोटं तेवढी मामांच्या खांद्यावर रंगाखाली आहेत. परत जोडून देतो, खांद्यावर हात ठेवून."

मांडवात चुळबूळ झाली. एक भावकीतला म्हातारा म्हणाला, "असं कसं? जित्या बाईला हाराच्या फोटोत बसवून ऱ्हातेत काय? अशुभ असतं." बरोबर होतं त्याचं. माझा सगळा धंदाच त्यावर उभा आहे.

पुष्पाबाईंनी त्याच्याकडं वळूनसुद्धा बघितलं न्हाई. मला म्हणाल्या, "हार त्याच्यापुरताच घाला. निम्म्या फ्रेमला. माह्याकडची बाजू मोकळी ठिवा, मी आले की तवा बघू."

म्हातारा बुंदीकडं निघून गेला.

"न्या तुमचं पान," पुष्पाबाई म्हणाल्या आणि स्वतःच फ्रेम उचलून डोळ्यांजवळ नेली, शेवटचं बघून घ्यावं म्हणून. बघता बघता त्यांचं बोट डाव्या कोपऱ्यावर थांबलं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा कोपऱ्याकडं.

"अगं बया! चित्रगुप्त तर माह्यापुढं उभा हाय!"

मी फ्रेम घेतली. कानावरची पेन्सिल मागं सारून नाकावरचा चष्मा नीट बसवला. माझ्या चष्म्याची उजवी काडी चार वर्षांपासून तांब्याच्या तारेनं बांधलेली आहे, बेबीनंदा रोज बदला म्हणते. पानाच्या कोपऱ्यात तीळभर तोंडाचा माणूस उकिडवा बसला होता. कानावर पेन्सिल, हातात पट्टी, पुढ्यात लाकडाची चौकट. आणि चष्म्याच्या उजव्या काडीला सोन्याच्या रंगात एक तार गुंडाळलेली. चार केसांच्या ब्रशनं. त्यावर हळदीकुंकू पडलं होतं, काचेवरून.

चप्पलसुद्धा माझीच होती.

लाज वाटली. लई लाज वाटली. तीस वर्षांत एकाचा कान जाऊ दिला न्हाई म्हणून गावभर सांगत फिरणारा मी, स्वतःला पूर्णच्या पूर्ण कापून टेंभुर्णीला पाठवून बसलो होतो.

मांडवात हसण्याचा कल्लोळ उठला. कुणीतरी माझ्यापुढं बुंदीचं ताट ठेवलं, म्हणे चित्रगुप्ताला उपाशी पाठवू नका, आमच्याबद्दल बरं लिहील. मी खाल्ली. काय करणार!

येताना रस्त्यात मी गाडी थोडी हळू केली. "मला बाहेर कशाला बसवलं?" मी विचारलं. "आत राजाजवळ जागा न्हवती का?"

"तसल्याच जुन्या मुघल वह्यांत काठावर असलीच माणसं असतात, पप्पा. कागद करणारे, पान शिवणारे, रेघा मारणारे. चित्र ज्यांच्यामुळं उभं राहतं ते," प्रीती म्हणाली. "मला वाटलं होतं, बाकी सगळं कापाल, पण स्वतःला तरी ओळखाल."

"मी कधी माझ्याकडं एवढं निरखून बघितलंय का गं," मी म्हटलं. तिनं कडी सोडून माझ्या खांद्याला धरलं.

जोडायला तीन दिवस गेले. गव्हाच्या खळीनं घोडा तिनं जोडला, शेपटीपासून मानेपर्यंत, श्वास रोखून. ती म्हणाली, इराणातपण जुनी चित्रं कापायचे, नव्या पानांत बसवायचे, आणि जोड दिसू नये म्हणून वरून सोन्याची रेघ मारायचे. "म्हणजे सगळे माझेच भाऊबंद," मी म्हटलं. सोन्याची रेघ मीच मारली, पट्टी ठेवून, चारी बाजूंनी. सरळ रेघेला तिच्यापेक्षा माझा हात बसलेला. फक्त घोड्याजवळ आणि झाडाजवळ आल्यावर तिनं माझं मनगट धरलं. तिथं रेघ थांबवायची, पलीकडून पुन्हा चालू करायची. तीस वर्षांत पहिल्यांदा मी रेघ मधीच तोडली.

गुरुवारी परीक्षकांनी बारकाईनं बघितलं, म्हणे, जोड कुठं आहे ते त्यांना लगेच दिसलं. त्यांनी विचारलं, "हे कापलं कुणी?" प्रीतीनं कोपऱ्यात बोट ठेवलं, म्हणाली, "ह्यांनी. जोडलं पण ह्यांनीच." पोरगी पास झाली. किती मार्क पडले ते तिलाच विचारा, मला सांगताना ती उगीच कमी करून सांगते.

पुष्पाबाईंची फ्रेम मी स्वतः टेंभुर्णीला नेऊन दिली. ओल्या कापसानं पांढरा रंग पुसला तर खाली चारी बोटं शाबूत निघाली. मामा तसेच भुवया चढवून, ओठ आवळून बसलेत, पण आता शेंबडं पोरसुद्धा सांगंल की माणूस लाजून राह्यलाय. हार निम्म्या फ्रेमलाच आहे. वाऱ्यानं तो सरकून पुष्पाबाईंच्या बाजूला येतो आणि त्या दिवसातून दोनदा त्याला मागं ढकलतात, "थांबा म्हनलं ना," म्हणून.

मी अजून कापतो. धंदा आहे. पण आता रेघ मारलेला फोटो घेऊन कुणी आलं की ब्लेड लगेच हातात घेत न्हाई. फोटो उजेडात धरतो, चष्मा नीट करतो आणि आधी विचारतो, "हा हात कुणाचा?"